सहा जोड गमबूट

टापटीपबाईंना यातून मिळायचं होतं ते असं: टेकायला पाठ असलेली खुर्ची, आतून कडी लागणारी खोली, सकाळी सातऐवजी नऊला यायची मुभा, आणि आजवर ज्या कागदावर त्या ‘सविनय सादर’ लिहून वर पाठवत त्याच कागदाच्या तळाशी ‘मंजूर’ लिहायचा हक्क. रुग्णालयाच्या लाँड्रीची मुख्य सुपरवायझर तीन महिन्यांत निवृत्त होणार होती. तिच्या जागेवर बाईंचा डोळा होता आणि स्वयंपाकघराच्या कोठीवाल्याचाही. तपासणी समिती दोन फेऱ्या मारणार, दोघांचे विभाग बघणार आणि मग काय ते ठरवणार. बदल्यात द्यायचं काय? बाईंनी मनाशी पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. भिंतीवरच्या सहा खुंट्या. बस्स. इतक्या स्वस्तात खुर्ची आजवर कोणाला मिळाली नसेल.

‘टापटीपबाई’ हे नाव अर्थातच पाठीमागचं. तोंडावर सगळ्या नुसतं ‘बाई’ म्हणत. पण नाव ठेवणारीचं काही चुकलं नव्हतं. घडीची उघडी बाजू भिंतीकडे नसेल तर बाईंच्या घशाखाली घास उतरत नसे. एकदा त्यांनी चारशे उशांचे अभ्रे फडताळातून खाली काढून पुन्हा लावले होते, कारण शिवण कुठे डावीकडे होती तर कुठे उजवीकडे.

लाँड्रीचे भाग दोन. कोरड्या बाजूला ड्रायर, इस्त्रीचे मोठे तापते रूळ आणि घड्या घालायची लांब टेबलं. तिथल्या बायका साध्या चपला घालून, तोंडाचा पट्टा चालू ठेवून काम करत. ओल्या बाजूला माणूस आत मावेल एवढाली धुलाईची यंत्रं, आणि जमिनीवर अष्टौप्रहर पाणी. तिथल्या सहा जणी गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट चढवून आठ-आठ तास उभ्या असत. पाळी संपली की बूट काढायचे, आतलं पाणी ओतून टाकायचं आणि मागच्या खिडकीशी खुंट्यांवर उलटे टांगायचे. ही पद्धत कोणी घालून दिली ते कोणाला ठाऊक नव्हतं. का घालून दिली, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

बाईंना तो देखावा डोळ्यांसमोर नको होता. बारा काळे बूट वटवाघळांसारखे लोंबतायत, खाली ठिपक्याठिपक्यांनी फरशी डागाळलीय. समिती नेमकी त्याच दाराने आत येणार. बाईंनी औषधांच्या कोठारातून मोडीत निघालेलं एक लोखंडी कपाट मिळवलं, त्याला पांढरा रंग दिला आणि सहा कप्प्यांवर एक ते सहा आकडे रेखले. खुंट्या उपटल्या, भोकं बुजवली. हुकूम सुटला: बूट बाहेरून लख्ख पुसायचे, कपाटात ठेवायचे आणि दार घट्ट लावायचं.

पहिल्या फेरीत समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, “बायकांचे बूट कुठे असतात हो?”

बाईंनी बंद कपाटाकडे हात केला.

“वा! हे तर ऑपरेशन थिएटरसारखं दिसतंय.”

त्या दिवशी बाई घरी चालत गेल्या नाहीत, तरंगत गेल्या.

ओल्या बाजूच्या सहा जणींत सगळ्यांत जुनी बाईंची सख्खी थोरली नणंद, घरातल्या सगळ्यांच्या ताई. बावीस वर्षं एकाच यंत्रापाशी. नवऱ्यामागे ती भावाकडेच राहायला आलेली. बाईंना या लाँड्रीत चिकटवलं तेही तिनेच; चादरीची पहिली घडी तिनेच हात धरून शिकवलेली. पुढे वहिनीने शिक्षण पुरं केलं, परीक्षा दिल्या आणि ती नणंदेच्या डोक्यावर येऊन बसली. ताईंना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट, आमच्या घरातली बाई सुपरवायझर आहे, हे त्या बसस्टॉपवर अनोळखी माणसालाही सांगत.

पहिल्या फेरीनंतर तीन-चार आठवड्यांनी घरात वास येऊ लागला. आंबलेला, उग्र, नाकात जाऊन बसणारा. बाईंच्या नवऱ्याने आधी मोरीचं भोक तपासलं, मग खिडकीबाहेर मेलेला उंदीर शोधला.

“उंदीर नाही रे,” ताई ओशाळून म्हणाल्या. “माझे पाय आहेत.”

“मग धू की ताई!”

“अरे, दिवसातून पाच वेळा धुते.”

हे खरं होतं. संध्याकाळी कामावरून आल्या की ताई गरम पाण्याच्या घमेल्यात तासभर पाय बुडवून बसत आणि मग दगडाने खसाखसा घासत. घासावं तितका वास वाढे. तळवे पांढरेफटक, सुरकुतलेले. आणि टाचेवर, चवड्यावर बारीक बारीक खड्डे, जणू कोणी सुईने टोचून टोचून काढलेले. कुठे दोन-तीन खड्डे मिळून एक झालेला. दुकानातून गजकर्णाचं मलम आणून झालं, काही फरक नाही. चालताना तळवे चुरचुरत. ताईंनी आपली चप्पल जिन्यात ठेवायला सुरुवात केली. मग स्वतःचं अंथरूणही गच्चीला लागून असलेल्या बोळात नेलं. बाई म्हणाल्या, “अहो, आत झोपा की.” दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत, कारण खोलीत खरोखरच बरं वाटत होतं.

लाँड्रीत गोष्ट झाकून राहणं शक्यच नव्हतं. कोरड्या बाजूला एक इस्त्रीवाली होती, जिची जीभ रुळापेक्षा गरम. जेवायच्या टेबलावर ताई बसल्या की ती डबा उचलून दुसरीकडे जाई, आणि जाता जाता म्हणे, “आज भाजीला वेगळीच फोडणी बसलीय, नाही?” बायका खिदळत. ओल्या बाजूच्या उरलेल्या पाच जणी हसत नसत. खाली मान घालून जेवत. बाईंना वाटलं, बिचाऱ्यांना ताईंची दया येत असेल.

एका सोमवारी इस्त्रीवाली बाईंच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हात कमरेवर.

“बाई, राग मानू नका. घरचं माणूस म्हणून तुम्हाला वास येत नसेल. आम्हाला येतो.”

“माझ्याकडे घरचं-बाहेरचं काही नसतं.”

“तेच म्हणते मी. दुसरी कोणी असती तर एव्हाना मळक्या खोलीत गेली असती.”

मळकी खोली म्हणजे वॉर्डांतून आलेल्या घाण चादरींची निवड करायची जागा. एकटीचं काम, खिडकी नाही, पायाखाली तिथेही पाणीच. बाईंनी त्याच दुपारी बदलीचा कागद काढला आणि स्वतः नेऊन दिला. ताईंनी वाचला, घडी घातली, उघडी बाजू आत. “बरं बाई,” एवढंच म्हणाल्या. ही गोष्ट वरपर्यंत गेली. कोठीवाल्याने आपल्या मेव्हण्याला पाठीशी घातल्याची चर्चा असताना इकडे एक बाई सख्ख्या नणंदेला सोडत नाही, याचं वजन पडलं. म्हणजे त्यातही बाईंचाच फायदा.

इथपर्यंत बाईंना खरंच काही ठाऊक नव्हतं. हे त्यांच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे. पुढचं मात्र नोंदवताना त्यांची बाजू लंगडी पडते.

दुसऱ्या फेरीच्या चार दिवस आधी त्या कपाट पुसायला गेल्या. दुपारची वेळ, सगळ्या जेवायला, बूट कपाटात. एरवी त्या कपाट बाहेरूनच पुसत. त्या दिवशी आतला कोपराही पुसावा म्हणून तीन नंबरचं दार उघडलं. तोंडावर उबट वाफ आली, आणि तोच वास. तीन नंबर ताईंचा नव्हता. बाईंनी एकचं दार उघडलं, मग पाचचं. शेवटी बाही वर करून बुटात कोपरापर्यंत हात घातला. आत चिकट ओल होती. कालची, परवाची, कपाट आलं त्या दिवसापासूनची.

बुजवलेल्या सहा भोकांकडे त्यांचं लक्ष गेलं. मग त्यांनी हात साबणाने धुतला, दारं लावली आणि मनाशी म्हणाल्या, चारच दिवस. समिती गेली की त्याच संध्याकाळी खुंट्या परत ठोकते. चार दिवसांनी कोणाचं काय बिघडतंय?

समितीचे अध्यक्ष आजारी पडले आणि फेरी दोन आठवडे पुढे गेली. चार दिवसांचं कर्ज अठरावर गेलं.

त्याच आठवड्यात ताईंना टाच टेकवेना. नवरा म्हणाला, “अगं, तुमच्याच दवाखान्यात चामडीचे डॉक्टर आहेत ना? तू ने तिला. तुझं नाव सांगितलं की लवकर बघतील.” त्यामुळे बाईंना जावंच लागलं.

डॉक्टर तरुण होते, बोलके होते. ताई पाय पुढे करायला लाजत होत्या, डॉक्टरांनी स्टूल ओढून तो पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि भिंगातून बघत म्हणाले, “अहाहा! पुस्तकातल्यासारखा आहे.”

“घाण आहे हो, डॉक्टर,” ताई म्हणाल्या.

“कोण म्हणालं? घाणीचा काही संबंध नाही. बुरशीही नाही, म्हणून ते गजकर्णाचं मलम लागू पडलं नाही. हे जिवाणू आहेत. तीन-चार जातींचे असतात. तुमच्या-माझ्या कातडीवर एरवीही गुपचूप पडून असतात. त्यांतल्या एकाच्या शास्त्रीय नावाचा अर्थच मुळी ‘बैठा’ असा आहे. कुठे जात नाही, येत नाही, बसून राहतो. पण कातडी दिवसदिवस ओली राहिली, हवा लागली नाही, की याची चंगळ. वरचं जाड कातडं विरघळवायचा रस सोडतो आणि खातो. म्हणून हे खड्डे. आणि खाताना जो गंधकासारखा वायू सुटतो, तो हा वास.”

“मी रोज तासभर पाण्यात घालून बसते की!”

“म्हणजे रोज त्याला मेजवानी,” डॉक्टर हसले. “ते आधी बंद करा. मलम देतो, सकाळ-संध्याकाळ. घाम कमी करायचं औषध देतो. सुती मोजे, दिवसातून दोनदा बदला. तीन आठवड्यांत तळवे पूर्वीसारखे. आता मला एकच सांगा, काम गमबुटातलं ना? बूट वाळतात कुठे?”

ताई म्हणाल्या, “ते पूर्वी…”

“खिडकीशी,” बाई म्हणाल्या. “खुंट्यांवर. उलटे टांगून. रोज.”

वाक्य किती सुबक बाहेर आलं. बाईंना स्वतःलाच नवल वाटलं. ताईंनी मान वळवून वहिनीकडे पाहिलं. क्षणभरच. मग डॉक्टरांकडे बघून त्या म्हणाल्या, “हो. खिडकीशी.”

“रोज कोरडे बूट घालूनही हे असं?” डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. “मग तुमची कातडीच नाजूक, घाम फार. बूट ओले राहत असते तर सोपं होतं, बूट वाळवा म्हटलं असतं. आता मला दुसरा इलाज नाही.” आणि त्यांनी कागदावर लिहिलं: यांना गमबूट घालावे लागतील असं काम यापुढे देऊ नये.

बाईंनी तो कागद वाचला. तेव्हा बोलता आलं असतं. डॉक्टर पुढच्या माणसाला आत बोलवत होते, तेवढ्या वेळात चार शब्द सहज मावले असते. बाईंनी दार उघडून ताईंना आधी बाहेर जाऊ दिलं.

ओल्या बाजूला बूट, मळक्या खोलीत बूट. उरली कोरडी बाजू. तिथे इस्त्रीवालीने साफ सांगितलं, “ती आली तर आम्ही सगळ्या अर्ज देऊ.” कार्यालयाने ताईंना निवृत्तीला अडीच वर्षं असताना ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ घरी पाठवलं. जाताना ताईंनी ओल्या बाजूला जाऊन आपलं जुनं यंत्र पुसलं. सात वर्षं त्याचं एक बटण अडकत होतं. ते कसं दाबायचं ते नव्या बाईला दाखवलं आणि मागच्या दाराने बाहेर पडल्या.

त्यानंतर पाच दिवसांनी दुसरी फेरी झाली. जागा बाईंना मिळाली. कोठीवाला येऊन अभिनंदन करून गेला, भल्या माणसासारखा.

दुसऱ्या सकाळी बाईंनी सुतार बोलावला, सहाच्या सहा खुंट्या ठोकून घेतल्या आणि बूट स्वतःच्या हाताने उलटे टांगले. कपाट भंगारात. नव्या मुख्य सुपरवायझरचा पहिला हुकूम म्हणून बायकांनी तो ऐकला. कारण कोणी विचारलं नाही, बाईंनी सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी ओल्या बाजूची एक जण बाईंच्या खोलीत आली. आत आल्यावर तिने दाराला कडी लावली.

“बाई, एक सांगायचं होतं. तुम्ही खुंट्या लावल्यात ना, देव तुमचं भलं करो. माझे पाय बरे झाले.”

“तुझे पाय?”

“खड्डे पडले होते हो. आणि वास! मी तर बुटात कापूस घालायची, मोजे घरून झाकून न्यायची. वाटायचं, कळलं तर मलापण मळक्या खोलीत टाकाल.” तिने आवाज उतरवला. “आता बोलता बोलता कळलं, पाचीजणींचे तसेच होते. जी ती आपली झाकत होती. ताईंवर सगळे बोलायला लागले तेव्हा… खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं. सगळा वास त्यांच्या नावावर गेला.”

ती गेल्यावर बाई त्या पाठ असलेल्या खुर्चीत ताठ बसून राहिल्या. आता कोडं काही उरलं नव्हतं. सहापैकी सहा. नाजूक कातडी कोणाचीच नव्हती. हे ताईंना त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. घर तेच, स्वयंपाकघर तेच. त्या संध्याकाळी ताई वाटाणे सोलत होत्या. बाई शेजारी बसल्या, चार शेंगा सोलल्या आणि उठल्या. दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. तिसऱ्या दिवशी डोकं दुखत होतं. माणसाला न बोलण्यासाठी जेवढी निमित्तं लागतात, तेवढी बाईंना रोज ताजी मिळत गेली. असा महिना गेला.

ताईंचे पायही एव्हाना बरे झाले होते. पण चप्पल अजून जिन्यात, अंथरूण अजून बोळात, आणि कोणी घरी आलं की ताई पाय साडीखाली ओढून घेत. एका रविवारी सकाळी शेजारीण आली असताना बाईंनी ते पुन्हा पाहिलं. शेजारीण जाताच त्या ताईंसमोर जमिनीवरच बसल्या.

“ताई, डॉक्टरांकडे मी खोटं बोलले.”

“माहीत आहे की. मी तिथेच होते.”

“मग तुम्ही हो का म्हणालात?”

“तुझं तोंड कसं झालं होतं ते तुला दिसत नव्हतं, वहिनी. मला दिसत होतं. आणि म्हटलं, काय फरक पडतोय? कपाट काय माझ्या एकटीचं होतं? सहा जणींचे बूट त्यातच. बाकीच्यांना काही झालं नाही, मलाच झालं. म्हणजे खोट माझ्याच अंगात. मग कपाटाचं नाव घेऊन तुझी खुर्ची कशाला घालवू?”

बाई म्हणाल्या, “सगळ्यांना झालं होतं.”

“काय?”

“सहाही जणींना. त्या लपवत होत्या. बूट ओले राहायचे म्हणून झालं. तुमच्यात काही नव्हतं, ताई. कधीच काही नव्हतं.”

ताईंनी साडी जरा वर करून स्वतःच्या पायांकडे पाहिलं. दुसऱ्याच कोणाचे असावेत तसे पाहिले.

“हे तुला कधी कळलं?”

“महिना झाला.”

“महिना,” ताई म्हणाल्या. “जागा गेली त्याचं मला एवढं नाही गं. पण मी महिनाभर कोणाच्या पोराला जवळ घेतलं नाही. पोळ्या लाटायला घेतल्या की आधी तीनदा हात धुवायचे. का, तर आपण किडलेलो. आणि तू तिथे बसून शेंगा सोलत होतीस.” आवाज वर गेला नाही. गेला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

सोमवारी बाई जेवायच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि सगळं बोलल्या. कपाट, तीन नंबरचं दार, बुटात घातलेला हात, डॉक्टर. ओल्या बाजूच्या पाच जणी खाली बघत होत्या. इस्त्रीवाली म्हणाली, “आणि मला भाजीच्या फोडणीचे विनोद करू दिलेत!” नंतर बाई डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी कागद रद्द करून दिला, पण म्हणाले, “मी विचारलं होतं तुम्हाला.” कार्यालयाने बाईंना लेखी ताकीद दिली. ताईंची जागा देता येणार नाही म्हणाले, कारण तिथे आता नवी बाई कायम झाली होती आणि तिचा काही दोष नव्हता.

तेव्हा शेवटी या खुर्चीची किंमत म्हणून कोणी काय भरलं ते असं. कोठीवाल्याने खुर्ची गमावली, उगाचच. पाच जणींनी दोन महिन्यांची चुरचुर आणि थोडा भित्रेपणा भरला, चुरचुर गेली. इस्त्रीवालीने काही भरलं नाही, फक्त रविवारी घरी येऊन ताईंसमोर दहा मिनिटं अवघडून बसून गेली. बाईंनी कबुलीची एक दुपार भरली, आणि खोलीत शिरल्यावर बायका ज्या एकदम गप्प होतात ती शांतता त्या अजून हप्त्याहप्त्याने भरतायत. खुर्ची मात्र त्यांच्याकडेच राहिली. आणि ताईंनी नोकरीची अडीच वर्षं भरली, आणि वर नव्वदेक दिवस, ज्यांत त्यांना स्वतःच्या अंगाची किळस आली. त्यांतले शेवटचे तीस दिवस भरायचं काही कारणच नव्हतं.